ओकणाऱ्या कोळ्यास

भरडखोल,
१० फेब्रुवारी १९६३

प्रिय शिवदास,

तुझ्या मामाने बाबांना आणून दिलेलं तुझं लग्नाला नकाराचं पत्र मी चोरून वाचलं. होडीवर ओकणारा कोळी केसरला शोभत नाही म्हणे! मोठा आलास शोभा बघणारा. मामाच्या होडीवर चार दिवस टिकला नाहीस, मुरुडला जाऊन मास्तर झालास, पण अक्कल होती तेवढीच राहिली.

आता बातमी वाच. परवा आईने मला श्रीवर्धनच्या डॉक्टरांकडे नेलं. नवव्या वर्षी तापात गेलेले कान परत येत नाहीत हे मला कळतं, तिची आशा मात्र सुटत नाही. डॉक्टरांनी पाटीवर लिहून विचारलं, होडीत मळमळतं का? मी म्हटलं, छे, होडी कितीही उसळू दे, मी भाकरी आणि सुकट खात बसते. दर्याने मला लेक मानलंय असं आमच्या वाडीत सगळे समजतात, म्हणून बाबा नवी होडी पाण्यात लोटताना आधी मला बसवतात. डॉक्टर हसले. लिहिलं, कानाच्या आत तोल सांभाळणारा एक इवलासा भाग असतो. डोळे एक सांगतात, तो दुसरंच सांगतो, मग पोट ढवळतं. माझा तो भाग तापातच मेला. आणि तुझा धडधाकट आहे, मास्तर! रशियाचा एक माणूस यानात बसून पृथ्वीभोवती फिरला, त्यालाही वर अस्संच झालं. घरी सांगितलं तर बाबा पोट धरधरून हसले. त्यांच्या ओठांवर मी वाचलं, “त्यो आभाळात वकला, मंग आपला शिवा दर्यात वकला तर काय झालं?”

पण एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. त्याच मेलेल्या भागामुळे अंधारात, डोळ्यांचा आधार सुटला की, माझा तोल जातो. वाळूवर झोकांड्या खाते, लोक म्हणतात ताडी प्यायली. तुझा नकार आला तेव्हा वाटलं, ओकण्याचं नुसतं निमित्त, तुला हेच कळलं असणार. दोन दिवस रडले रे.

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी मचव्याने ये. खुशाल ओकत ये, मी धक्क्यावर पाण्याचा तांब्या घेऊन उभी असेन. संध्याकाळपर्यंत थांब. अंधार पडला की धक्क्यापासून घरापर्यंत मला हात धरून ने, सगळ्या वाडीदेखत. आणि मग बाबांना सांग, मी तुला शोभते की नाही.

तुझीच, आणि आता वाट बघणारी,
केसर