ताटातली अर्धी भाकरी

६ नोव्हेंबर १९५७

आक्का अर्ध्या भाकरीवर उठली! मुठ्याहून पिरंगुटापर्यंत बैलगाडी, पुढं एस्टी, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही — आणि अर्धी भाकरी. ताटावर हात आडवा. "बास भैरू. भरलं पोट."

कुणाला सांगते? गिऱ्हाइकांकडं पाठ करून उभा असलो तरी मला कळतं, कुठल्या बाकावरून आता "शेट, अजून एक भजी" येणार. भुकेचा आवाज मी ओळखतो. आक्काचं पोट पाटावरून उठतानासुद्धा कुरकुरत होतं.

चंद्रा म्हणाली, "वन्सं, लाजता व्हय? भावाचं हॉटेल हाय, कुना परक्याचं न्हाई." आक्का तोंडाला पदर लावून हसली.

दाजी भाद्रपदात गेले. मूलबाळ नाही. दिरांच्या ओसरीवर किती दिवस काढणार? आता इथंच राहायचं, मी सांगून टाकलं. माझी थोरली बहीण. मला तिच्याशिवाय होतं कोण!

९ नोव्हेंबर

चंद्रा खूश. "दोन घास खात्यात आन् दिवसभर राबत्यात. बाईमानसानं असं असावं." सूनबाईला ऐकू जाईल अशा बेतानं. सगुणा भाकरी थापत होती, तिनं थापा जरा जोरानं मारल्या. मी हळूच हॉटेलात सटकलो.

१३ नोव्हेंबर

आज भात भरताना आक्का कणगीशी उभी राहून नुसती बघत होती. एवढा भात बघून कुणाचाही चेहरा खुलतो. तिचा नाही खुलला.

आमचं गाव धरणात गेलं, आई-बाप पाठोपाठ गेले, आम्ही दोघं माल्याला मामाकडं आलो. मामी वाईट नव्हती. तिची स्वतःची चार, त्यात आम्ही. मी भूक लागली तरी गप्प बसायचो. आक्का भूक लागली की "भूक लागली" म्हणायची. एवढाच तिचा गुन्हा.

"पोरगी हाय का जातं? घालावं तेवढं गायब!" मामी आल्यागेल्याला सांगायची. लोक हसायचे. पुढं हसणं थांबलं आणि कुणीतरी नाव काढलं — भस्म्या. खाल्लेलं पोटात जळून जातं, तो रोग. मग भगत आला. विळा चुलीत घातला. मी बाहेर ओट्यावर. आतून पोरीची किंकाळी येईल म्हणून मी कान दाबून धरले होते. आली नाही. एवढी पोर, पोटावर डाग घेतला आणि ओरडली नाही! ते न ओरडणं अजून कानात आहे.

मी मात्र गुणाचा! "भैरू बघा, अर्ध्या भाकरीत उठतो." खरी गोष्ट मामीला ठाऊक नव्हती. त्या डागानंतर मामीची पाठ वळली की आक्का माझ्या ताटातली अर्धी भाकरी काढून घ्यायची. रोज. मी कधी बोललो नाही. तिला भूक जास्त, तर घेईना का. राहिलेली अर्धी मी हळूहळू चावायचो.

गिऱ्हाईक विचारतं, "शेट, हॉटेलच का काढलंत?" मी पोटावर हात फिरवून सांगतो, "लहानपणची बाकी वसूल करतोय!" हसतात बिचारे.

१९ नोव्हेंबर

सारजी आक्काच्या मागं मागं. चार वर्षांची पोर, पण नातीला माणसाची पारख आहे. सगुणाला माझ्या चुलीवरून उसंत नाही, मुलगा पुण्यात गिरणीत, महिन्यातून एकदा येणार. आता पोरीला न्हाऊ घालणं, जेवू घालणं सगळं आक्काकडं. बरं झालं. दोघींनाही.

संध्याकाळच्या गाडीनं एस्टीचा कंडक्टर नथू आला. भारी गमत्या. सारजी भजं खात गल्ल्यावर बसलेली. तिचा गाल ओढून म्हणाला, "शेट, हिचं आता फुल तिकीट फाडावं लागंल! एवढी खाती तर सासरचे उंबऱ्यातनंच माघारी धाडत्याल." सगळं हॉटेल हसलं. मीही हसलो.

आक्का मागच्या दारात उभी होती. आली, सारजीला उचललं आणि आत घेऊन गेली. भजं तिथंच राहिलं. मी खाऊन टाकलं.

४ डिसेंबर

चंद्रा म्हणते सारजीचे गाल उतरले. दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका लागला नाही म्हणून दुसऱ्यांदा काढली. संशय नथूवर!

१२ डिसेंबर

पोर "आज्या, भजं" म्हणून येत नाही हल्ली. मीच आज हातात दिलं. तिनं भज्याकडं बघितलं, मग मागच्या दाराकडं, आणि परत माझ्या तळहातावर ठेवलं. "नगं."

गरम होतं. खेकडा भजी. तिच्या आवडीची.

१७ डिसेंबर

जंताचं औषध झालं. गळ्यात ताईत झाला. आक्का विचारलं की सांगते, "जेवली की. माझ्या हातानं भरवलं." चंद्राही सांगते, ताट वाढून देते ते रिकामं येतं. मग जातं कुठं?

एस्टी आली की पोर हातातलं टाकून पळायची. आज बसल्या जागेवरून नुसती मान वळवली.

२१ डिसेंबर

सारजी विहिरीच्या वाटेवर पडली. सगुणा दोन पावलं पुढं होती, वळून बघते तर पोर मातीत. डोळे उघडे, पण ओळख नाही. सगुणा तिला घेऊन धावत आली तेव्हा हॉटेल भरलेलं. मी उकळता चहा तसाच सोडला.

दवाखान्यात डॉक्टरांनी जीभ बघितली, डोळे बघितले, दंड दोन बोटांत धरला. म्हणाले, "रोग नाही. हिला खायला मिळत नाहीये."

मला राग आला. "डॉक्टर, अर्धा तालुका माझ्याकडं जेवतो!"

"ते तुमच्याकडं बघूनच कळतं. तुमचं वजन कुणाला तरी द्यायला हवं. तुम्ही कमी खा शेठ, तुमचं काळीज दमतंय. आणि हिला खायला घाला. मी चेष्टा करत नाही. असंच चाललं तर साधा ताप आला तरी ही तग धरायची नाही."

सारजी माझ्या मांडीवर. सगळं ऐकत होती.

२३ डिसेंबर

कळलं.

दुपारी गल्ला सोडून मधल्या कुडाला पाठ लावून बसलो. माझ्याच घरात चोरासारखा! पलीकडं आक्का आणि सारजी. ताट जमिनीवर ठेवल्याचा आवाज. भाकरी मोडली. पोर चावायला लागली — घाईघाईनं, भुकेलं माणूस चावतं तसं. थोड्याच वेळात ताट ओढलं गेलं.

"बास. शानी माझी बाय. आजून खाल्लं की लोक बघत्यात. बघितलं की नाव ठेवत्यात. एकदा का नाव ठेवलं की इळा तापवत्यात."

"दुकतं का गं?"

"लई."

"दाव."

लुगड्याची सळसळ. मग सारजीचा बारीक आवाज, "मी न्हाई खात. मी शानी हाय."

मी उठून मागं गेलो. आक्का गोठ्यात उरलेली भाकरी म्हशीच्या तोंडापुढं धरून उभी. स्वतः एक तुकडा तोंडात घातला नाही! हाडाची काडी झालेली बाई, आणि ताजी भाकरी म्हशीला.

ओरडायला तोंड उघडलं होतं. आवाज आला तो भलताच. "आक्का, पोर मरंल गं."

"कशानं मरंल? तू मेलास का?"

"मी?"

"तुझ्या ताटातली रोज काढत हुते. इसरलास? मामी काय म्हनायची — भैरू गुनाचा. तुला भस्म्या म्हनलं का कुनी? तुझ्या अंगाला इळा लागला का?"

मी विचारलं, "ती भाकरी तू खात हुतीस ना?"

माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मी तिच्या तोंडात मारली. "मी? म्या म्हशीला घातली. माझ्या पोटात घातली असती तर तुला राखलं आसं कसं म्हनू?"

म्हैस चावत होती.

त्या वेळी तीही उपाशी होती. मीही. आणि भाकरी म्हशीला! मी तिला खादाड समजून तिच्यावर माया करत आलो इतकी वर्षं.

२४ डिसेंबर

घरात सांगितलं. सगुणा म्हणाली, "मामंजी, त्यांनी माझ्या पोरीच्या ताटाला हात लावायचा न्हाई." मोठ्यानं नाही म्हणाली. बरोबर आहे तिचं.

चंद्रानं चुलीतली लाकडं मागं ओढली. मग म्हणाली, "आन् मी रोज म्हनत हुते, बाईनं असं असावं. पोरगी मांडीला मांडी लावून ऐकत हुती."

२७ डिसेंबर

मी तोड काढली. धंद्यात काढतो तशी. आक्कानं सारजीसमोर बसून पुरी भाकरी खायची. पोरीला दिसू दे, खाल्लं तर काही होत नाही.

सगळे एका पंगतीला. नव्या तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. "आक्का, तुझ्यासाठी नाही, पोरीसाठी." तिनं मान हलवली. अर्धी संपली. पुढचा तुकडा तिनं दोनदा ताटात ठेवला. तरी खाल्ला. डोळ्यांत पाणी, तरी चावत होती. सारजी टक लावून बघत होती, आणि तिनंही एक घास घेतला, मग दुसरा. मी मनात म्हटलं — जमलं भैरू!

शेवटचा घास गिळून आक्का शांतपणे उठली, परसात गेली. ओकली. लांब गेली होती, तरी मी ऐकलं. सारजीनंही ऐकलं. पोरीचे कान माझ्यावर गेलेत.

हातातला घास तिनं ताटात ठेवला.

३१ डिसेंबर

आक्का गेली. सकाळी पाणी भरून ठेवलं, सारजीची वेणी घातली, आणि कुणाला न सांगता गाडीत बसली. नथूनं दुपारी येऊन सांगितलं. त्यानं विचारलं होतं, "म्हातारे, भावाचं ताट सोडून कुटं निघालीस?" तर म्हणाली, "पोरीला खाऊ दे."

नथूला कारण माहीत नाही. कसं सांगणार? चहा पाजला. पैसे घेतले नाहीत.

७ जानेवारी १९५८

मुठ्याला जाऊन आलो. दिराच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली. शेजारी माझ्यासाठी पाट मांडला.

"चल घरी."

"पोरीनं अंग धरलं का?"

"धरतंय हळूहळू."

"मंग झालं." सूप हलवत राहिली. मग म्हणाली, "भैरू, तवा तुला लई भूक लागायची का रं?"

मी म्हटलं, "न्हाई. इसरलो."

खोटं बोललो. आजही ताटात काही उरलं असताना मला उठता येत नाही. पोट दुखेपर्यंत बसतो. लोक म्हणतात, शेट खाण्याचे शौकीन.

ओल्या खोबऱ्याच्या करंज्या नेल्या होत्या. तिच्यासमोर ठेवल्या. निघताना वळून बघितलं तर दिराची पोरं खात होती.

१८ जानेवारी

सारजी अख्खी भाकरी खाते! गाल परत दिसायला लागले. एस्टी आली की पळते. डॉक्टर म्हणाले, चांगलं चाललंय. सगुणा कित्येक दिवसांनी हसली. नथूला बजावून ठेवलंय — पोरीच्या खाण्यावर एक शब्द नाही. तो म्हणाला, "शेट, मी तर गमतीनं—" मी म्हटलं, "माहीत हाय. सगळे गमतीनंच म्हनत्यात."

मुठ्याहून निरोप, आक्का अंथरुणाला खिळली. परवा जातो. तिला उचलून घेऊन येतो, काहीही म्हणो. सगुणाला विचारलं. ती म्हणाली, "आणा. मी भरवते त्यांना."

१९ जानेवारी

दुपारी जेवायला बसलो. चंद्रा चुलीकडं तोंड करून. सारजी स्वतःचं ताट पुसून माझ्या मांडीशी येऊन टेकली. मी कौतुकानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं आजीची पाठ आहे ना बघितलं, माझ्या ताटातली भाकरी मधोमध मोडली, अर्धी परकरात लपवली आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

"तू लई खातोस आज्या. गप ऱ्हा. म्हशीला घालून येते."