सात नंबरचे बूट

१२ जानेवारी, औली
पोचले एकदाची! आमच्या कॉलेजातून स्कीइंगला मी एकटीच. आज बूट वाटले. नंबर विचारला, मी छातीठोक सांगितलं — सात. आठवीपासून दुकानात बाबाच सांगतात, ‘सात द्या, पोरीचा पाय वाढून राह्यला.’ आत आईने विणलेले लोकरी मोजे, एकावर एक दोन जोड. मस्त ऐसपैस!

१३ जानेवारी
दिवसभर आपटले. मी पाय वळवते, तो बुटातल्या बुटात वळतो आणि स्की आपली सरळच जाते! नडग्या सोलून निघाल्या. आमचे प्रशिक्षक नेगी सर म्हणाले, परवा चाचणी, वळता आलं नाही तर परत जा. बाबांनी पिंपळगाव राजात घरोघर सांगून ठेवलंय. कोणत्या तोंडाने जाऊ?

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगुळाऐवजी मलम.

संध्याकाळी सरांनी बूट काढायला लावले. आतलं अस्तर उपसलं, नुसत्या कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवायला सांगितली. टाचेमागे दोन बोटं मावावीत म्हणे. त्यांचा अख्खा पंजा गेला! मोजेही एकच जोड, पातळ, म्हणाले. मग पाच नंबर दिला. घालताना जीव गेला, बोटं पुढे टेकली. मी म्हटलं, लहान होतोय. ते म्हणाले, गुडघे वाकव. वाकवले, तर बोटं आपोआप मागे सरली, टाच जागची हलेना.

एकोणीस वर्षांची झाले आणि माझा पाय पाचाचा आहे हे आज कळतंय! बाबांचा रागच आला. शाळेत धावताना बूट निसटायचे, सगळे हसायचे. पाय कधीचा वाढायचा थांबला, तरी आपले सातच.

१५ जानेवारी
वळले! दोन्हीकडे! पास!

२८ जानेवारी, पिंपळगाव राजा
घरी आल्या आल्या बाबांशी भांडले. काऊन घेत होता सात? आईच चुलीपुढून म्हणाली, “मीच सांगो त्याईले, सातच घ्या. तुहे जुने झाले का वावरात घालाले मले होत ना.”

तिचा पाय कागदावर ठेवला, पेनाने आखला. सात.

२९ जानेवारी
आईला घेऊन मलकापूरला जाते. ती नको म्हणून राह्यली. कोरे बूट घालून चालता येत नाही म्हणते — कधी घातलेच नाहीत.