न्हाणीची कडी

मंगळवार, दिवेलागण. १९९३.

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे. आमच्या न्हाणीला कधी कडी न्हवती. लग्न झाल्यापासून मी पडद्याआड आंघोळ केली. कशापायी, ते माज्या म्हाताऱ्यानं कधी सांगितलं न्हाई.

आज लेकानं पत्र्याचं दार बसवलं, कडीसकट. सुनेनं आत जाऊन कडी लावली, तर म्हातारा पहार घेऊन दारावर धावला. "उघड! उघड!" सून घाबरून अंगाला लुगडं गुंडाळून बाहेर.

मी म्हणलं, "लाज हाय का? सासरे हाय तुमी!"

तवा बोलला. लग्नाआधी इंग्रजाच्या लढाईत तो जहाजावर होता; जहाजाला टारपेडो, पाण्याखालचा बाँब, लागला, पाणी आत शिरलं. साहेबाचा हुकूम झाला, खालचं लोखंडी दार लाव. "मी कडी लावली. आत तिघं होते. दार वाजवत होते."

एवढंच. मला रडू न्हाई, राग आला. इतकी वर्सं एकट्यानं कशापायी गिळलं?

म्हणलं, "आता मी आत जाते. कडी मीच लावते. तुमी इथंच उभं ऱ्हा."

कडी लावली. तांब्यानं दार वाजवलं. बाहेर त्याचा श्वास लई जोरात चाललेला. कडी काढली. समोर घामानं भिजलेला, पहार हातात तशीच.

"बघा, आले का न्हाई बाहेर?"

"परत वाजव."

चारदा वाजवलं. सून म्हणाली, "आत्याबाई, माजी आंघोळ ऱ्हायलीय!"

चौथ्यांदा दार उघडलं, तवा पहार भिंतीला टेकवलेली होती.