इक्बालभाईंच्या जागी

११ फेब्रुवारी, रविवार

टेंडर गेलं एकदाचं. दुपारी अपलोड झालं, पोच आली. पूर्व युरोपातलं समुद्रकाठचं एक लहान शहर, त्यांना विमानतळ वाढवायचाय. विमानतळ गावाच्या मालकीचा, त्यामुळे काम कुणाला द्यायचं ते तिथली नगरपरिषद ठरवणार. आमची दोह्यातली कंपनी तिथवर कशी पोचली ते आमच्या डायरेक्टरांना, फादीसाहेबांनाच ठाऊक. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून नाव इक्बालभाईंचं. प्लॅनिंग माझ्याकडे. जानेवारीत ते जागा बघून आले तेव्हापासून ऑफिसात रोज तिकडच्या थंडीच्या गोष्टी. आज सही करताना म्हणाले, "बाय, हे शेवटचं. मग गावी जाऊन कलमांना पाणी घालणार."

इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसतोय आम्ही, अजून मला वैशाली म्हणाले नाहीत. बाय.

२० फेब्रुवारी, मंगळवार

इक्बालभाई गेले.

सकाळी, दोह्याबाहेर वक्र्याला, घरीच. ऑफिसला निघताना बूट घालायला बसले ते उठले नाहीत. हार्ट.

लिहवत नाही.

२१ फेब्रुवारी

दुपारी असरच्या नमाजानंतर दफन केलं. बायका जात नाहीत. महेश गेला होता ऑफिसच्या लोकांबरोबर. परत आल्यावर बराच वेळ सोफ्यावर बसून राहिला, पँटला माती. म्हणाला, "मी पण तीन मुठी टाकल्या. सगळे टाकत होते. चाललं ना?" चाललं म्हटलं.

नवऱ्याचं इतकं मऊ बोलणं बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

वक्र्याला गेले. रुकय्याभाभी इद्दतीत. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. त्यांची मुलगी शाहीन रत्नागिरीहून आलीय. महेश बाहेरच्या खोलीत बसला, मी आत.

भाभी मला धरून म्हणाल्या, "तू आलीस, बरां झालां. तुझां नाव सारखां घेत." शाहीन चहा देऊन गेली, तो तसाच निवला. दाराशी त्यांचे बूट अजून तिथेच, एक उभा, एक आडवा. कुणी हलवले नाहीत.

HR म्हणतंय, इद्दत होईपर्यंत भाभींच्या व्हिसाचं बघू. पुढे त्यांना जावंच लागणार. अर्धं आयुष्य इथे काढलं त्या बाईने.

३ मार्च, रविवार

फादीसाहेबांनी आत बोलावलं. नगरपरिषदेला कळवावं लागेल, प्रोजेक्ट मॅनेजर वारला. बदली नाव द्यायची एकदाच मुभा आहे. नाव तितक्याच अनुभवाचं हवं, नाहीतर टेंडर बाद. ऑफिसात तसा एकच सीव्ही आहे. माझा.

म्हटलं, तिथे जाऊन राहायचं? तीन वर्षं?

म्हणाले, सध्या फक्त कागदावर नाव. जिंकलो तर पुढचं पुढे, इन्शाल्ला. आणि हरलो तर टेंडर विभाग बंद करायचा असं वरून आलंय, हे तुझ्या कानावर असू दे.

म्हणजे कुमार, जोसेफ, नवीन आलेली रीना, सगळे. आणि मी.

इक्बालभाईंचं टेबल अजून रिकामं. प्रिंटरकडे जाताना मी लांबून वळसा घेते.

४ मार्च

महेशला सांगितलं. भांडी पुसत होता. पुसत राहिला. "तू ठरव."

हे त्याचं नेहमीचं. वरून दिसतं उदार, पण आत काय ते कळू द्यायचं नाही. लेकाला, शर्विलला, सध्या सांगायचं नाही एवढं ठरलं. तेही मीच ठरवलं.

७ मार्च, गुरुवार

नाव दिलं. पत्राचा मसुदाही मलाच करावा लागला. "श्री. इक्बाल यांच्या दुःखद निधनामुळे" इथपर्यंत टाइप केलं आणि बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. रीना दार वाजवत होती.

१९ मार्च, मंगळवार

रोजे चालू. ऑफिस दोनपर्यंत. परिषदेचं उत्तर आलं. २ एप्रिलच्या सभेत ऑनलाइन हजर राहा, सकाळी दहा, स्थानिक वेळ. सभेत विषय दोनच. विमानतळाची टेंडरं, आणि उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायची पद्धत ठेवावी की सोडावी.

कुमार म्हणाला, इक्बालभाई असते तर हसून हसून मेले असते. मग स्वतःच जीभ चावली.

२ एप्रिल, मंगळवार

फजिती. ते आमच्यापेक्षा दोन तास मागे, म्हणून आम्ही बाराला सगळे कॉन्फरन्स रूममध्ये. स्क्रीन लागली तर सभा अर्ध्यावर आलेली. परवा रविवारी त्यांनी घड्याळं पुढे केली! आता फरक एकच तास. आमच्याकडे घड्याळाला कुणी हात लावत नाही, सुचणार कुणाला? आमचा पुकारा होऊन गेला होता. अध्यक्ष म्हणाले, थांबा, वेळ उरला तर घेऊ.

मग तो घड्याळाचा वाद, दुभाषीच्या इंग्रजीतून. एक म्हातारे सदस्य, पूर्वी जहाजावर कप्तान होते म्हणे, उभे राहून थेट आमच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बघा! आपल्या या खुळापायी वाळवंटातले पाहुणेसुद्धा उशिरा आले. कोंबड्याला कुणी सांगितलंय का घड्याळ पुढे गेलं म्हणून?" सगळी सभा हसली. आम्हीही. एक बाई उठल्या, शाळेत शिकवतात. उन्हाळ्यातल्या लांब संध्याकाळी मुलं आईबापांबरोबर किनाऱ्यावर जातात, तेवढा तास काढून घेऊ नका म्हणाल्या. दीड तास हेच. निकाल नाही.

शेवटी आमचा विषय. अध्यक्षांनी वाचलं, दुभाषीने सांगितलं, "यांचा मुख्य माणूस मृत आहे." डिसीज्ड. एवढंच. वेळ संपली, पुढची सभा २६ एप्रिल.

फादीसाहेब उठून आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. त्याचीच जास्त भीती वाटली.

११ एप्रिल, गुरुवार

ईद काल झाली. आज भाभींकडे. त्यांनी शीरखुर्मा केला नव्हता. शाहीनने शेजारून आलेला वाटीत घालून दिला. भाभींना सांगावं की नको करत शेवटी सांगितलं, की टेंडरमध्ये आता इक्बालभाईंच्या जागी माझं नाव आहे.

"म्हणजे ह्यांचां काढलांत?"

हो म्हटलं. काढावं लागलं.

माझ्या हातातला हात त्यांनी काढून घेतला नाही, दाबलाही नाही. खिडकीकडे बघत राहिल्या. शाहीन म्हणाली, अम्मा, ऑफिसचं काम असतं. भाभी म्हणाल्या, "ता मना कलता. मी काय म्हंटलां?"

परत येताना मेट्रोच्या रेड लाइनवर गर्दी. ईदचे कपडे घातलेली पोरं. उभ्याने आले.

२६ एप्रिल, शुक्रवार

इथे सुट्टी, तिथे कामाचा दिवस, म्हणून घरूनच बसले. बेडरूमचं दार लोटून. या वेळी घड्याळं तीनदा तपासली. महेश भाजीला गेलेला, शर्विल हॉलमध्ये गेम खेळत होता.

आधी घड्याळ. पुन्हा तोच कप्तान, पुन्हा त्या बाई. समसमान मतं पडली, अध्यक्षांनी ठरवायचं नाकारलं, राजधानीला पत्र लिहू म्हणाले. मग आम्ही.

एकाने विचारलं, मेलेल्या माणसाच्या अनुभवावर गुण दिलेत, ते आता दुसऱ्याला कसे? वाद चालला. तेवढ्यात त्या शाळेतल्या बाई उठल्या. म्हणाल्या, मी त्या गृहस्थांना भेटले होते. जानेवारीत. धावपट्टीच्या टोकाशी वाऱ्यात उभे राहून मच्छीमारांना विचारत होते, विमानतळाची भिंत इथे आली तर तुम्ही होड्या कुठे ओढाल. आपल्यापैकी हे कुणी विचारलं नव्हतं. आपण दोन मिनिटं उभं राहूया.

आणि उभे राहिले. कप्तानही, टेबलाला धरून. मी इथे बेडरूममध्ये, ड्रेसिंग टेबलासमोर उभी. इतक्या दिवसांत ऑफिसात आम्ही हे केलं नव्हतं.

खाली बसल्यावर अध्यक्षांनी थेट मला विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही इथे येऊन राहाल ना? काम पुरं होईपर्यंत?"

डोळ्यात पाणी होतं. मी म्हटलं, हो. मी येईन. तिथे राहीन.

लॅपटॉप मिटून वळले तर दारात शर्विल. चार्जर न्यायला आला होता.

"यू टोल्ड देम बिफोर मी."

२७ एप्रिल

बोलत नाही. जेवतो, शाळेची बॅग भरतो, बोलत नाही. अकरा वर्षांच्या मुलाला एवढं गप्प राहता येतं? महेशवर गेलाय.

महेशने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं केलंस, बोललीस ते. कुणाला तरी."

हा टोमणा होता की नाही ते अजून ठरवता आलेलं नाही.

२ मे, गुरुवार

शर्विल आज बोलला. समैस्माला बीचवर गेलो होतो, महेशचीच कल्पना. पाण्यात पाय सोडून बसलो होतो. त्याने विचारलं, तिथे माझ्यासाठी शाळा आहे का, की आय स्टे हिअर विथ बाबा? म्हटलं, अरे, अजून काम मिळालेलंच नाही. तो म्हणाला, "दॅट्स नॉट व्हॉट आय आस्क्ड."

खरंय.

१० मे, शुक्रवार

भाभींचा स्वतःहून फोन, ये म्हणून. एकटीच गेले. शाहीनला बाजारात पाठवलं होतं त्यांनी.

म्हणाल्या, "तुला एक सांगूचां हाय. त्या दिवशी नाय बोलली." मग सांगितलं. इक्बालभाई जाणारच नव्हते. टेंडरवर नाव टाकू दिलं, कारण नाही म्हटलं तर टेंडर भरताच येणार नव्हतं आणि आमच्या सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. पण जिंकल्यावर तब्येतीचं कारण सांगून अंग काढून घेणार होते. "मना म्हनाले, रुकय्या, ता थंड गाव माझ्याच्यानं नाय होनार. बाय करील, ती करील सगला."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

"तू नको म्हनली असतीस ना."

मी हसले की रडले ते नीट आठवत नाही. इतके दिवस वाटत होतं, त्यांचं अर्धं राहिलेलं काम मी उचलतेय. त्यांनी तर ते आधीच माझ्या गळ्यात... आणि राग यावा तर कुणावर? मऊ माणूस. मला एकदा विचारलं असतं तर.

भाभी म्हणाल्या, "त्यांच्यासाठी जाव नको. जायचां तर तुझां तू जा."

१२ मे, रविवार

फादीसाहेबांना म्हटलं, समजा मी माघार घेतली? ते म्हणाले, बदली एकदाच, ती झाली. तू गेलीस की टेंडर गेलं. आवाज चढवला नाही. खिडकीचा पडदा लावून घेतला आणि पुढच्या मीटिंगला गेले.

जेवायच्या सुट्टीत रीना सांगत होती, तिने आईला दोह्याला बोलावलंय, तिकीट काढलं. मी डबा बंद केला.

९ जून, रविवार

परिषदेचं अजून काही नाही. दोनच कंपन्या उरल्यात, आम्ही आणि एक स्थानिक. राजधानीने घड्याळाच्या पत्राला उत्तर दिलंय म्हणे, ठरलेलं आहे तेच चालू ठेवा.

बाहेर उभं राहवत नाही इतकं ऊन. शर्विलची परीक्षा संपली.

आज इक्बालभाईंच्या टेबलावर एक नवा मुलगा बसला. त्याची काय चूक? मी जाऊन त्याला वायफायचा पासवर्ड दिला.

३० जून, रविवार

काल भाभींची इद्दत संपली. महेश आणि मी त्यांना घेऊन कब्रस्तानाच्या भिंतीपर्यंत गेलो. गाडीतूनच दुआ मागितली त्यांनी. किती वेळ ओंजळ उघडी. महेशने एसी वाढवला, दुसरं काय करणार.

५ जुलै, शुक्रवार

भाभी गेल्या. विमानतळावर सोडायला आम्ही तिघं. सामान फार नव्हतं. चेक-इनच्या रांगेत इतक्या वर्षांच्या दोन बॅगा, एक खोका. शाहीन पुढे गेली आणि भाभी मागे वळून माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "हे हितंच ऱ्हायले, बाय. मी चाललंय. तू पन गेलीस तर..."

शर्विलच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत गेल्या. काचेपलीकडे काळा बुरखा थोडा वेळ दिसला, मग तसेच आणखी दोन-तीन, मग कुठला त्यांचा ते कळेना.

पार्किंगमध्ये पोचलो तर फादीसाहेबांचा मेसेज. मंगळवारी मतदान. कप्तान आमच्या बाजूने आहेत असं ऐकतोय. तयारी ठेव.

महेशने गाडी चालू केली, पण गिअर टाकला नाही.

"कुणाचा?"

सांगितलं.

"मग?" म्हणाला. या वेळी 'तू ठरव' नाही. मग.

शर्विल मागच्या सीटवर. कानातले हेडफोन त्याने काढलेले मी आरशात पाहिले.

म्हटलं, "मला तिथे जाऊन काम करायचंय, असं मला वाटतं. त्यांच्यासाठी नाही. आणि तुम्हाला सोडून राहायची मला भयंकर भीती वाटते. दोन्ही खरं आहे."

मागून कुणीतरी हॉर्न दिला, जागा हवी होती त्याला. महेशने हात वर करून त्याला थांब म्हटलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बोल. अजून काय काय खरं आहे?"