तडा, अंदाजे नऊ मिलिमीटर

शनिवार, १४ मार्च

ताई,

तुम्ही दोघं बरी असाल. पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू मध्ये बोलतेस आणि माझा क्रम चुकतो, म्हणून लिहिते आहे. आधी जे झालं ते ओळीने देते.

१. २ डिसेंबरला आईला मोटरसायकलचं लायसन्स मिळालं.
२. १५ जानेवारीला तिने एक वापरलेली गाडी पसंत केली. ६५० सीसी, सहा वर्षं जुनी. मालक चष्म्याच्या दुकानाचे.
३. १८ जानेवारीला मी ती गाडी तपासली आणि अहवाल दिला. सौदा मोडला.
४. २८ फेब्रुवारीला आईने दुसरी वापरलेली गाडी घेतली. ९०० सीसी, चौदा वर्षं जुनी. मला सांगितलं नाही.
५. ३ मार्चला सकाळी पावणेआठला चौकात वळताना ती पडली. गाडी डाव्या पायावर आली.
६. ४ मार्चला ऑपरेशन झालं. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. आत सळई आहे.
७. चष्मेवाल्यांची गाडी येत्या शनिवारी, २१ तारखेला, भंगारवाला कापायला नेणार आहे.

पाच आणि सहा तुला माहीत आहे. त्या दिवशी तू विचारलंस, "शुद्धीवर आहे ना?" मी हो म्हटलं आणि तू फोन ठेवलास. पुढचं सांगायला वेळ मिळाला नाही.

आई आता घरी आहे. तिचा पलंग बाहेरच्या खोलीत, दाराला लागून ठेवला आहे, कारण आतल्या दारातून वॉकर जात नाही. (दार ७१ सेंटिमीटर, वॉकर ७४.) पाय सहा आठवडे टेकवायचा नाही. पुढे चालेल, असं डॉक्टर म्हणाले. कशी चालेल, ते आत्ता कुणीच सांगत नाही. जेवते, झोपते. शेजारच्या काकू येऊन बसतात आणि रोज म्हणतात, "या वयात हे काय सुचलं तुम्हाला?" आई रोज म्हणते, "त्या वयात सुचलं असतं तर तुम्ही मूल सांभाळायला आला असतात का?"

तिने गाडी शिकायला सुरुवात केली तेव्हा तू आमच्याशी बोलत नव्हतीस, म्हणून ते तुला माहीत नसेल. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी पहिल्या दिवशी फॉर्म पुढे करून विचारलं, "काकू, कुणासाठी?" आई म्हणाली, "समोर उभी आहे ती दिसत नाही का?" दोनदा पडली, दोन्ही वेळा उभ्या गाडीवरून. पण परीक्षेला आठाचा आकडा पहिल्याच फेरीत काढला, पाय न टेकता. घरी येऊन म्हणाली, "आठ म्हणजे काय, दोन बाह्यांचे मुंढे. तीस वर्षं कात्रीने कापले, आज चाकाने कापले." कपड्यांच्या फॅक्टरीत कटिंग करताना तिला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

शिकली ती सव्वाशे सीसीवर. मग म्हणाली मोठी हवी. मी विचारलं कशाला. "हायवेवर ट्रक बाजूने गेला की त्या गाडीवर माझा पतंग होतो." हायवेवर कुठे जायचंय, हे मी विचारलं नाही. हा प्रश्न साधा होता.

मास्तरांनी तिला समजावलं. "काकू, लायसन्स म्हणजे चालवायला परवानगी. चालवता येणं वेगळं. एक वर्ष छोटीवर काढा." आई म्हणाली, "मास्तर, मी छप्पन्न वर्षांची आहे. माझ्याकडे अशी सोडून द्यायला सुटी वर्षं नाहीत." मावशीकडून तुला हे कळलं आणि तू चार वर्षांत पहिल्यांदा फोन केलास. "तुझं ती ऐकते. काहीही कर, पण तिला थांबव." मी बघते म्हटलं. तू सांगितलंस म्हणून मी केलं, असं मी म्हणत नाही. हात माझे होते.

आता कलम तीन नीट लिहिते.

चष्मेवाले सत्तरीचे आहेत. गुडघ्यांमुळे गाडी सोडत होते. प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती तारखेप्रमाणे लावलेली फाइल त्यांनी माझ्या हातात दिली. मागच्या अंगणात गाडी झाकून उभी होती. मी दोन तास तपासली. ब्रेक, चेन, बेअरिंगं, तारा, टायर, इंजिनाचा दाब. काही सापडेल अशी माझी खात्री होती, कारण जुन्या गाडीत काहीतरी सापडतंच. काही सापडलं नाही. शेवटी फ्रेमच्या जोडांची आमच्या लॅबमधली चाचणी केली. तुला माहीत नसेल म्हणून सांगते. जोडावर लाल रंग लावायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुसायचा आणि वर पांढरी पावडर फवारायची. तडा असेल तर त्यात शिरलेला रंग वर येतो आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. दहा मिनिटं थांबायचं असतं. मी वीस मिनिटं थांबले. पांढरं पांढरंच राहिलं.

आई आणि चष्मेवाले आत चहा घेत होते. मी पावडर पुसून टाकली. आत जाऊन म्हणाले, "हँडलच्या मुळाशी फ्रेमला तडा आहे."

फोटो कुणी मागितला नाही. मी चाचणी केली आणि फोटो काढला नाही असं नोकरीच्या सहा वर्षांत झालेलं नाही. घरी आल्यावर अहवाल लिहिला, कारण आई म्हणाली, "मला कागद दे, त्यांनाही देते, बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं." त्यात मी लिहिलं: तडा, अंदाजे नऊ मिलिमीटर. 'अंदाजे' हा शब्द मी अहवालात त्याआधी वापरला नव्हता. खाली सही केली.

मी तिला सरळ सांगू शकले असते की मला भीती वाटते. तू गाडीवर बसलीस की मला घरात बसवणार नाही, असं. पण आपल्याकडे तसं कोण कधी बोललंय? नको म्हणायचं तर पुरावा लागतो. डोळ्यांना दिसत नाही असा पुरावा तयार करण्याइतपत शिक्षण तिनेच मला दिलं. मला वाटलं, एक सौदा मोडला की विषय संपेल.

आईने वाद घातला नाही. "धाकटीने सांगितलं म्हणजे आहे," एवढं त्यांना म्हणाली. घरी येऊन शिवत बसली. स्वतःसाठी जाकीट शिवत होती, कोपर आणि खांद्यांना आतून जाड पॅड घालून. मला वाटलं, हात रिकामे नकोत म्हणून शिवते आहे.

दुसरी गाडी तिने एका जिमवाल्याकडून घेतली. हे मला मास्तरांनी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सांगितलं. ते सारखे हात पुसत होते. "मी म्हटलं होतं काकूंना, मुलीला दाखवा. तर म्हणाल्या, नको, तिला दाखवली की ती काहीतरी शोधणारच." मग मला म्हणाले, "तुम्ही बघितली असती तर, नाही का?"

मी ती गाडी दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या आवारात बघितली. पाच सेकंद पुरले. टायरच्या कडेला चार आकडे असतात, कुठल्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनला ते. मागचा टायर अकरा वर्षांचा होता. गाडी फार चाललीच नव्हती, त्यामुळे नक्षी खोल होती आणि आईला तो नवा वाटला. रबर नखाने दाबलं तर दबत नव्हतं. चौकातल्या पांढऱ्या पट्ट्यांवर वळताना तिने जरा जास्त रेस दिली आणि मागचं चाक सुटलं. यात किती टायर आणि किती आई, हे मला काढता येत नाही. मी प्रयत्न केला. ९०० सीसीवर तिसऱ्या दिवशी नव्या टायरनेही ती पडली असती, हे शक्य आहे. पण चाक घसरायला लागलं की इंजिनाचा जोर आपोआप तोडणारी सोय चष्मेवाल्यांच्या गाडीत होती. ती चालते का, हे मी १८ जानेवारीला स्वतः तपासलं होतं. चालत होती.

ऑपरेशननंतर आईला नीट जाग आली तेव्हा मी शेजारी होते. तिने पहिलं विचारलं, जाकीट कापलं का. मी म्हटलं हो, नर्सने बाही कापली. "शिवणीवरून कापली की मधून?" मधून. तिने डोळे मिटले. मग म्हणाली, "चूक माझी आहे. तुला दाखवायला हवी होती. एकदा तुझ्यामुळे वाचले, तरी शहाणपण आलं नाही."

मी म्हटलं, "बोलू नकोस, घसा कोरडा आहे."

तेवढंच म्हटलं, ताई.

जाकिटाच्या आतल्या खिशात एक कागद होता. पेट्रोल पंप, टायरवाले, चहाची ठिकाणं आणि समोर किलोमीटर. तिच्या त्या कटिंगच्या आकड्यांत, पेन्सिलने. शेवटची ओळ: ४१२, मोठीचं दार.

मी कागद तिला दाखवला. "ट्रेन जाते की तिथे."

"ट्रेनने गेलं की कुणीतरी आणायला यावं लागतं. सामान धरावं लागतं. तिच्या लग्नाला मी गेले नाही, आता कुठल्या तोंडाने सांगू, स्टेशनवर ये म्हणून? न बोलावता जायचं तर स्वतःच्या गाडीने जावं. दार नाही उघडलं तर तिथल्या तिथे वळवता येते."

"आणि उघडलं तर?"

"तर गाडी सावलीत लावीन."

हे मी तुला सांगावं असं ती म्हणाली नाही. सांगू नको, असंही म्हणाली नाही.

आता कलम सात. परवा चष्मेवाले घरी आले होते, आईला बघायला. जाताना मला जिन्यात थांबवून म्हणाले की गाडी विकायला त्यांचं मन घेत नाही. "तडा असलेली गाडी मी कुणाच्या गळ्यात बांधू? शनिवारी कापून टाकतो. बाळ, तू भेटलीस म्हणून माझ्या हातून पाप टळलं." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तो ठेवू दिला.

आणि काल आई म्हणाली, "तुमच्या लॅबमधला तो वेल्डर तडा भरून देईल का गं? नऊच मिलिमीटर तर आहे. पाय बरा झाला की तीच घेईन. ती शहाणी गाडी होती." मी म्हटलं, विचारते.

कुणाला काय विचारू?

चष्मेवाल्यांना खरं सांगितलं तर गाडी वाचेल, पण ते आईला सांगितल्याशिवाय राहणार नाहीत. मग तिला कळेल की ती माझ्यामुळे वाचली नव्हती, आणि पायातली सळईही बऱ्याच अंशी माझ्याच सहीची आहे. नंतर मी तिला कशाबद्दल काही सांगितलं तर ते फक्त एका मुलीचं बोलणं असेल. वर, पाय टेकायला लागला की ती त्या गाडीवर बसेल आणि मला अडवता येणार नाही. सांगितलं नाही तर एक निर्दोष गाडी कापली जाईल, एक सज्जन माणूस मला आयुष्यभर दुवा देईल आणि आई लंगडत चालताना दर पावलाला स्वतःला दोष देईल. मी दोन्ही बाजू कागदावर मांडून पाहिल्या. तीन वेळा. लॅबमध्ये निकाल येत नसेल तर नमुना दुसऱ्याकडे पाठवतात. माझ्याकडे दुसरं म्हणजे तूच आहेस.

रोज सकाळी तिला कपडे बदलायला मदत करताना तोंड उघडते आणि पायाखाली उशी नीट आहे का विचारते. दहा दिवस हेच चाललं आहे. मला हे जमत नाही, असं मी तुला लिहिते आहे. एवढं साधं वाक्य मी याआधी कुणाला लिहिलेलं नाही.

तिला सांगू की नको? कारणं नकोत, मला ओरडू नकोस, भावोजींना विचारू नकोस. एक ओळ पुरे. फोन करू नकोस, पत्रच पाठव, घरच्या पत्त्यावर. पोस्टमन आता पत्रं आईच्याच हातात देतो, तिचा पलंग दाराशी आहे. माझं पत्र तिने कधी फोडलेलं नाही. पाकिटावर तुझं अक्षर दिसलं तर ती फोडेल, हे मला माहीत आहे आणि ते माहीत असूनच मी हा पत्ता देते आहे.

शुक्रवार, २० तारखेपर्यंत उत्तर मिळेल असं पाठव.

तुझी,
धाकटी