नीरजचे उरलेले ब्याऐंशी तास

फ्लेव्हिया बाय,

आणि वर तू मलाच म्हणतेस की दादा, तू जळतोस! फोनवर मी नीरजचं नाव काढलं की तुझी रेंज जाते, म्हणून हे पत्र. इथे माझ्याबरोबर कामाला असलेला भाईंदर पश्चिमचा उत्तम सुट्टीवर येतोय, त्याच्या हाती देतोय. कागदाची रेंज जात नाही. आता रीतीप्रमाणे विचारतो: तू कशी आहेस, ममाचा गुडघा काय म्हणतो, पप्पांचा खोकला उतरला का, कोंबड्या किती उरल्या. मी इथे ओमानला सोहारच्या गोदीत देवाच्या दयेने बरा आहे, जहाजांचा गंज खरवडतोय, जेवण जातंय, झोप लागते (लागत नाही, पण ममाला वाचून दाखवताना लागते म्हण).

तू त्या प्रोजेक्टच्या प्लॅनचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, बघ नीरजने किती व्यवस्थित केलंय. बघितलं. मी आठवीतून उठलेला माणूस, पण चौकटी मलाही मोजता येतात. कॉलेजच्या एनएसएसचे माणशी एकशेवीस तास, त्यात आपल्या पाली गावचा किनारा साफ करायचा आणि आपल्या वलांड्या नव्याने बांधायच्या (वलांडी म्हणजे ज्या बांबूंवर आपण बोंबील वाळत घालतो ती, हे कंसातलं नीरजसाठी, तू त्याला पत्र दाखवणार हे मला ठाऊक आहे). रविवार, सकाळी दहा ते बारा, किनारा स्वच्छता, बारा विद्यार्थी, चाळीस गोण्या. काय ते अक्षर, काय त्या रेघा! फक्त त्या रविवारी पुनव होती. पुनवेला त्या वेळेला पालीत किनारा कुठे असतो गं? पाण्याखाली असतो. तू कोळ्याची पोरगी, तुझं तोंड काय शिवलं होतं? तर म्हणे तू मीटिंगचा अहवाल लिहीत होतीस. मग मिस्सा सुटून अख्खं गाव बाहेर आलं तेव्हा बारा जण हातमोजे घालून चर्चच्या पायऱ्यांवर उभे, आणि समोर उधाण. आणि ते दोन तास तुम्ही 'परिसर निरीक्षण' म्हणून लावून घेतले! हे वाचून मी इतका हसलो की हातातली हातोडी खाली पडली.

पण तुझी पुढची ओळ वाचली आणि हसू गेलं. पप्पा नीरजला म्हणाले, "पोरा, पानी तुझ्या कालेजचं टाइमटेबल वाचत न्हाय." इथपर्यंत पप्पा बरोबर. त्यावर त्या माणसाने शरमावं की नाही? त्याने वही काढली आणि पप्पांना एकेका तिथीची भरती-ओहोटी विचारून घेतली. आणि पप्पा, जे माझ्याशी फोनवर 'बरा हाय ना, ठेव' याच्या पुढे जात नाहीत, ते तासभर सांगत बसले. वर म्हणाले, हुशार पोर हाय. बाय, मी नऊ वर्षांचा असताना पाण्याकडे बघून वेळ सांगायचो. तेव्हा मला हुशार कोण म्हणालं? म्हणाले शाळेत जा. शाळेत गेलो तर म्हणाले होडीवर कोण येणार. अकरा वर्षं मी त्याच किनाऱ्यावरचं प्लॅस्टिक उचललं, जाळ्यातला कचरा निवडला, मला कोणी अर्धा तास लावून दिला नाही. सगळे तास धरले असते तर तुमच्या कॉलेजने मला प्रिन्सिपल केलं असतं. आणि ममाने त्याला ताजे बोंबील तळून वाढले, तेही माझ्या निळ्या ताटात! नऊ खाल्ले म्हणे. बोंबलाला धड काटा नसतो हे माझं फुटकं नशीब.

आता वलांडीचं. नीरजच्या प्लॅनमध्ये एका वलांडीला तीन तास. मी आणि पप्पा चहा थंड व्हायच्या आत एक बाजू उभी करायचो. तुमच्या बारा जणांना तीन रविवार लागले, आणि फोटोत ती वलांडी अशी उभी आहे जशी कोणाची तरी वाट बघून कंटाळली आहे. त्या फोटोत दोराचं एक टोक नीरजच्या हातात आणि दुसरं जोआनच्या. दोराला दोन टोकं असतात हे मला मान्य आहे. पण बारा जणांत दुसऱ्या टोकाला दुसरं कोणी मिळालं नाही? आणि ती हसतेय कशाला? बांबू बांधताना हसण्यासारखं काय असतं? मी इतके बांधले, मला तर कधी हसू आलं नाही.

आमचा महिपत फोरमन (सांगलीकडचा, तीस वर्षं इथे) म्हणतो, कामाला किती वेळ लागेल हे कोणी कमरेवर हात ठेवून सांगितलं तर तो आकडा दुप्पट करायचा, त्यात चहा धरायचा, आणि चावी ज्याच्याकडे आहे तो माणूस शोधायचा वेळ धरायचा. हे मी मोठ्या मनाने तुमच्या प्रोजेक्टसाठी कळवलं होतं. तर तू उलट लिहितेस की जोआन म्हणाली, वेळेचा अंदाज तुझ्या दादाने आम्हाला शिकवू नये, तो मला दोन वर्षांत येतो सांगून गेला त्याला तीन वर्षं सात महिने झाले. असं सगळ्यांसमोर म्हणाली? नीरज होता तेव्हा? तो हसला का? हे नीट लिही. तिला सांग की सांगताना माझे हात कमरेवर नव्हते, तिच्या हातात होते. नको, हे सांगू नकोस.

पप्पांना, ममाला नमस्कार. जोआनला काही नाही. (विचारलं तर नमस्कार. दोन वेळा विचारलं तर मार्चमध्ये सुट्टीचा अर्ज टाकतोय म्हण.)

तुझा दादा,
कॉन्रॅड

ता. क. १: माझं निळं ताट उचलून कपाटात ठेव.

ता. क. २: हे पान फाडून मगच पत्र दाखव. मी आधी ठरवलं होतं की तीन मजूर लावून वलांड्या दोन दिवसांत उरकून टाकाव्या म्हणजे नीरज पालीतून सुटला. मग रात्रपाळीत लक्षात आलं की काम संपलं तरी तास संपत नाहीत. त्याचे अडतीस झाले, ब्याऐंशी उरले. रविवारी चार तास धरले तर वीस रविवार, ईस्टरसुद्धा त्याचा पालीतच. वरचे दोन तास मी त्याला माफ केले. तर तू अहवाल लिहितेस ना, मग सरांना सुचव की तिकडे डोंगराकडच्या चेणे गावात झाडं लावायची फार गरज आहे आणि त्याला नीरजसारखाच व्यवस्थित माणूस पाहिजे. एकटा. जोआनचं नाव पालीच्या यादीतून हलता कामा नये.

ता. क. ३: तो म्हणेल चेणे लांब पडतं. म्हणून उत्तमकडे पाकीट दिलंय, त्याचं रिक्षाभाडं. फक्त जायचं, यायचं त्याचं तो बघेल. वीस रविवार, दर खेपेला दोनशे, चार हजार रुपये.