राखीव इंधन आणि तुझं कपाळ

लखनौ विमानतळ, विमानाच्या आतून
भाईटीकेचा (भाऊबीजेचा) दिवस, दुपार

चिरंजीव केदार,

तुला दिदीचे पोटभर आशीर्वाद (माझं स्वतःचं पोट उपासाने रिकामं आहे, पण आशीर्वादाला ते आड येत नाही). छातीचे टाके दुखतात का अजून? सकाळची गोळी घेतलीस ना? टीका लागेपर्यंत काही खायचं नाही हा नियम धडधाकट भावांसाठी आहे, श्रावणात हृदय उघडून घेतलेल्यांसाठी नाही. तुझ्या बायकोचा, शर्मिलाचा निरोप मिळाला. साइतीचा मुहूर्त टळू नये म्हणून शेजारच्या सानुमैयाकडून तुला टीका लावून घ्यावी, असं तिच्या मनात आहे म्हणे. तिचा हेतू चांगला असेल. तरी माझ्या आधी तुझ्या कपाळाला कुणी बोट लावायचं नाही. फोन करत नाही, कारण फोनवर ती मध्येच बोलते आणि पत्रात तिला ते जमत नाही. माझ्या शेजारी बसलेले बुटवलचे गृहस्थ या कागदांचा फोटो काढून तुला धाडणार आहेत.

झालं असं, की दिल्लीहून आम्ही अगदी वेळेवर निघालो आणि नेपाळच्या हद्दीत सिमरावर पोचल्यावर विमान गोल फिरू लागलं. काठमांडूवर धुकं होतं, आणि साइत साऱ्या देशाची एकच, त्यामुळे तिच्याआधी पोचायला निघालेली झाडून सगळी विमानं आमच्या वर-खाली घिरट्या घालत होती. हिमालय एकदा डावीकडे दिसे, एकदा उजवीकडे. (मी जन्मभर मुलींना भूगोल शिकवला, पण हिमालयाची इतकी उजळणी कधी केली नव्हती.) मग कप्तानाने सांगितलं, की आणखी थोडा वेळ वाट पाहण्यापुरतं इंधन आहे, नंतर लखनौला जावं लागेल. विमानात शोककळा पसरली. निम्म्या बायकांच्या मांडीवर मखमली फुलांच्या माळा, उरलेल्यांच्या मांडीवर सेलरोटीचे डबे, आणि सगळ्यांचे भाऊ तिकडे पाटावर.

बुटवलकरांनी तेव्हा एक युक्ती काढली. त्यांच्या ऐकण्यात होतं, की इंधन संपत आलं असं कप्तानाने एकदा जाहीर केलं, की बाकीच्यांना बाजूला सारून त्या विमानाला आधी उतरवतात. मला ती पटली. (कालिम्पोंगच्या सिस्टरांनी मला खोटं बोलू नये असं शिकवलं होतं. दुसऱ्याला बोलायला लावू नये, असं काही शिकवल्याचं आठवत नाही.) मी हवाईसुंदरीला बोलावून कप्तानाला निरोप द्यायला सांगितला, की बाबा, एवढं जाहीर कर, पाप मी घेते. ती गोड हसली आणि मला पट्टा बांधायला सांगून गेली. थोड्याच वेळात हिमालय पाठीमागे गेला.

लखनौला टेकल्याबरोबर मी कप्तानाच्या दारापाशी जाऊन उभी राहिले. नाव सुयोग कार्की, माणूस तरुण, डोळ्यांखाली काळं, कपाळ माझ्या भावासारखंच कोरं. मी विचारलं, टाकीत इंधन शिल्लक असताना पळ का काढला? त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

"आमा, ते राखीव इंधन काठमांडूला पोचण्यासाठी नसतं. काठमांडूला पोचता आलं नाही तर जिवंत राहण्यासाठी असतं."

आणि नुसतं खोटं जाहीर करायला काय जात होतं? तर तो म्हणाला, की माझ्यामागच्या विमानात खरंच कमी असेल तर? त्यातही कुणाची तरी दिदी बसलेली असते. केदार, मला ते पटलं. शर्मिलाला हे सांगू नकोस. मग मी मुद्दा बदलला आणि दिल्लीतच जास्त इंधन का भरलं नाहीस, म्हणून धारेवर धरलं. त्यावर कळलं, की काठमांडूला उतरताना विमानाच्या वजनाला मर्यादा असते, सामान वाढलं की इंधन घटवावं लागतं, आणि तिहारच्या सणात काउंटरवर सामानाला कुणी नाही म्हणत नाही. प्रत्येकाची एकच तर जादा बॅग असते. एवढं बोलून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, माझ्या बॅगेत कपडे आहेत.

तेव्हा माझं म्हणणं ठाम आहे. विमान कंपनी नालायक, धुकं बेशिस्त, ज्योतिषी आडमुठे (साऱ्या देशाला एकच साइत देतात आणि धावपट्टी किती ते विचारत नाहीत). साइत टळली हे खरं, पण सूर्य मावळायला अवकाश आहे. यमाची वाट अडवायला तुझ्याभोवती तेलाची धार मीच धरणार आणि उंबऱ्यावर अक्रोडही मीच फोडणार. माझा यमावर विश्वास नाही, पण इस्पितळाच्या व्हरांड्यात तुझी वाट पाहताना त्याचा वावर मला जाणवला होता, त्यामुळे यंदा हयगय नाही.

तुझी दिदी,
अंबिका

ता.क. मखमलीची माळ आता माझ्याकडे नाही, तेव्हा शर्मिलाला दुसरी आणायला सांग. ती मी कप्तानाच्या गळ्यात घातली. त्याची बहीण धरानला ताट मांडून बसली आहे. त्याच्याभोवती पाण्याची धारही धरली (तेल सामानात आहे). यात माया कमी आणि हिशेब जास्त. विमान तोच चालवणार आहे, तेव्हा यमाला आधी त्याच्यापासून लांब ठेवलेलं बरं.

ता.क. दुसरा. विमानतळावर न्यायला ये, पण काही उचलू नकोस. उचलण्यासारखं काही नसेलच. कप्तानाने मघाशी विचारलं, की कुणी आपली जड बॅग उद्याच्या विमानावर सोडली, तर तेवढं इंधन जास्त भरता येईल आणि काठमांडूवर जरा अधिक वाट पाहता येईल. सगळ्या विमानभर माणसं खिडकीबाहेर पाहू लागली. मग मी उभी राहिले. (माझ्यानंतर बुटवलकर, मग सेलरोटीवाल्या एकेक.) तू देवघरासाठी दिल्लीहून मागवलेला संगमरवरी पाट, जो मी काउंटरवरच्या पोरीशी भांडून चढवला होता, तो आता लखनौला आहे. देव एक दिवस जमिनीवर बसतील. तू मात्र माझ्यासमोर बसलेला हवास.